‘ह्यांना बरं नाही’ असं किती दिवस सांगणार?

आषाढ लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. डाळ-तांदळाला किडे होऊ नयेत म्हणून काय करावे, न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास कसा घालवावा, साखरेला पाणी का सुटते... पत्रांचा ढीगच पडतो. त्याच ढिगात गेल्या आठवड्यात एक पत्र निघाले. पहिली अर्धी बाजू लोणच्याला आलेल्या बुरशीविषयी होती. मग एक ओळ कोरी सोडलेली, आणि त्याखाली बारीक अक्षरात खरे पत्र सुरू झाले होते.

“ताई, लोणचं हे एक निमित्त. विचारायचं ते वेगळंच आहे. आमच्या ह्यांना चांगली नोकरी आहे, पण गेली अकरा वर्षं घेतात. दिवाळीपासून तर सकाळीसुद्धा लागते. महिन्यातून तीन-चारदा मीच ऑफिसात फोन करून ‘ह्यांना बरं नाही’ असं सांगते. दरवर्षी श्रावण मात्र कडक पाळतात. म्हणून सासूबाई म्हणतात, व्यसन असतं तर महिनाभर सुटलं असतं का? जेवणात मिसळायची एक पावडर मैत्रिणीने सुचवली आहे, ती द्यावी का? दुसरीने सांगितलं, दारू सोडलेल्या लोकांचे गट असतात, तिथे जाऊन सुटते. आमच्या तालुक्याच्या गावात असा गट शोधायचा कसा? आणि हे यायलाच तयार नाहीत, तर मी काय करू? कृपा करून नाव छापू नका.”

नाव छापत नाही, गावही सांगत नाही. पण एक सांगते. असे पत्र या सदराला पहिल्यांदा आलेले नाही. कधी लोणच्याआड येते, कधी मुलीच्या स्थळाआड, कधी स्वतःच्या डोकेदुखीआड. लिहिणाऱ्या प्रत्येकीला वाटते, हे फक्त माझ्याच घरात चालले आहे. तसे नाही हो. तुमच्याच गल्लीत आणखी एखादी तरी असेल. ती तुमच्यापासून लपवते, तुम्ही तिच्यापासून लपवता, एवढेच.

उत्तराचा गाभा आधीच सांगून टाकते. गट त्यांच्यासाठी शोधायला निघालात, ठीक आहे. पण पहिल्यांदा तो स्वतःसाठी शोधा. त्यांच्या होकारासाठी अडून बसू नका. असे का म्हणते, ते माझ्या एका शेजारणीच्या गोष्टीवरून कळेल.

समोरच्या वहिनी

आमच्या जुन्या बिऱ्हाडासमोर एक कुटुंब राहत असे. त्या वहिनींना विचारूनच हे लिहिते आहे. “लिहा तुम्ही. नाव तेवढं नको,” असे त्या म्हणाल्या.

घर चारचौघांसारखे. सासूबाई, नवरा-बायको, दोन मुले. नवरा गुणी, हसतमुख, दुसऱ्याच्या मदतीला धावणारा. पण संध्याकाळ झाली की पाय घराकडे वळायचे नाहीत. वहिनींनी आपल्याकडून सगळे उपाय केले. बाटलीवर पेन्सिलीने खूण करून ठेवली. पाण्याच्या टाकीमागून, स्कूटरच्या डिकीतून क्वार्टर शोधून मोरीत ओतली. ओतलेल्या बाटलीची भरपाई दुसऱ्या दिवशी उसनवारीने झाली. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा झाल्या, गणपतीपुढे नारळ ठेवून झाले. शपथ घेताना तो माणूस खोटे बोलत नव्हता, बरे का! त्या क्षणी त्याला खरेच सोडायची असे. चौथ्या दिवशी हात थरथरू लागले की शपथ कुठल्या कुठे!

आणि या सगळ्यावर सासूबाईंचे एक वाक्य ठरलेले: “लग्नाआधी नव्हता हो असा.”

एके दिवशी सकाळी ऑफिसातून फोन आला. वहिनी पोळ्या करत होत्या. नववीतल्या मुलीने फोन उचलला आणि कुणी काही सांगायच्या आत म्हणाली, “बाबांना ताप आहे. आज येणार नाहीत.” आवाज अगदी सहज. फोन ठेवून ती वेणी घालायला बसली.

“तवा तसाच राहिला ताई,” वहिनी मला म्हणाल्या. “मला वाटायचं, मुलांना यातलं काही कळू देत नाही मी. आणि पोरगी माझ्यासारखंच खोटं बोलायला शिकली होती, माझ्यापेक्षा सफाईने.”

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या रक्तदाबासाठी त्या जिल्हा रुग्णालयात गेल्या. तिथे मानसोपचार विभागाची पाटी दिसली. सासूबाईंना बाकावर बसवून आत गेल्या. तिथल्या समाजसेविका बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि कागदावर वार, वेळ आणि एका नगरपालिका शाळेचे नाव लिहून दिले. दारूच्या रुग्णांच्या घरच्या माणसांची तिथे दर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मीटिंग भरत असे.

पहिल्या मंगळवारी वहिनी शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत आल्या. कोणी ओळखीचे भेटले तर? दुसऱ्या मंगळवारी घरी ‘भिशीला जाते’ असे सांगून निघाल्या आणि एकदाच्या आत शिरल्या. तिसरीच्या वर्गातले ठेंगणे बाक, फळ्यावर पाढे, सात-आठ बायका आणि एक वयस्क गृहस्थ. त्यांचा मुलगा प्यायचा. कोणी आडनाव विचारले नाही. नवरा काय करतो विचारले नाही. एकेकीने स्वतःपुरते बोलायचे, मध्ये कोणी तोडायचे नाही, कोणी कोणाला ‘तू असं का केलंस’ म्हणायचे नाही. पहिल्या दिवशी वहिनी एक अक्षरही बोलल्या नाहीत. दीड तास नुसत्या रडल्या. शेजारच्या बाईने चहाचा कप पुढे केला आणि फक्त म्हणाली, “पुढच्या मंगळवारी या.”

इतरांनी तिथे काय सांगितले, ते वहिनींनी मला आजवर सांगितलेले नाही. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे, हा नियम आहे. त्या फक्त स्वतःचे सांगतात.

यजमान मात्र आले नाहीत. एक महिना नाही, दोन महिने नाही. सात महिने वहिनी एकट्याच जात राहिल्या. मग ‘भिशी’चे खोटेही नकोसे झाले आणि त्यांनी घरात सरळ सांगून टाकले. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या मंगळवारी म्हणाल्या, “एकटी कशाला जातेस अंधाराची? मी येते.” फाटकाशी थांबणार होत्या, पण पाय दुखायला लागले म्हणून आत येऊन बसल्या. आपल्यासारखीच एक म्हातारी आई तिथे स्वतःच्या मुलाविषयी बोलताना ऐकली, आणि त्या रात्रीपासून ‘लग्नाआधी नव्हता हो असा’ हे वाक्य घरातून गेले.

दरम्यान वहिनींनी एकच गोष्ट बदलली होती. ऑफिसात फोन करणे थांबवले. यजमानांनी सांगितले, ‘कळव, ताप आहे म्हणून.’ त्या म्हणाल्या, “तुम्हीच कळवा. मी यापुढे खोटं सांगणार नाही.” न भांडता म्हणाल्या, आणि मुलीलाही सांगितले की तूही सांगायचे नाहीस. दोनदा बिनपगारी झाली, तिसऱ्यांदा मेमो आला. मेमो हातात घेऊन तो माणूस स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “तू जातेस तिथे माझ्यासारख्यांसाठी काही आहे का?”

गटातले दोघे गृहस्थ दुसऱ्याच दिवशी घरी आले. उपदेश केला नाही, स्वतः कसे प्यायचो आणि कसे थांबलो एवढेच सांगितले. आधी डॉक्टर, दहा दिवस रुग्णालय, मग रोज संध्याकाळी मीटिंग. पुढे दोनदा घसरणही झाली. एकदा भाच्याच्या लग्नात आणि एकदा तर काही कारण नसताना. पण परत फिरायची जागा ठाऊक होती. आता पाचवे वर्ष चालू आहे. वहिनींना विचारले तर वर्षे मोजत नाहीत. म्हणतात, “आज घेतलेली नाही.”

हे गट आले कुठून?

मैत्रिणींनो, ही कल्पना फार जुनी आहे. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दारूने पुरते खचलेले दोन गृहस्थ भेटले. एक शेअरबाजारात काम करणारे, दुसरे शस्त्रवैद्य. जे उपदेशाने आणि औषधाने झाले नव्हते, ते एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी मोकळेपणी बोलल्याने साधते, असे त्यांना आढळले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ म्हणजे ‘ए.ए.’ निघाली. ‘ॲनॉनिमस’ म्हणजे निनावी. आडनाव, जात, हुद्दा काही सांगावे लागत नाही. फी नाही. खर्चासाठी थैली फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावे. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. भारतात हे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले.

आता आपल्या कामाची गोष्ट. त्या पहिल्या गृहस्थांच्या पत्नीचे नाव लोइस. नवऱ्याची दारू सुटली, तो रोज मीटिंगला जाऊ लागला. सगळे मनासारखे झाले होते. तरी एकदा तो मीटिंगला निघाला असताना तिने संतापून त्याच्या अंगावर बूट फेकला! मग तिची तीच चकित झाली. इतकी वर्षे याला सांभाळण्यात गेली, आता दारू सुटली तरी मी अशी का? तिला उमगले की आजार जरी त्याचा असला, तरी त्याची झळ लागून आपणही आजारी पडलो आहोत. नवरे मीटिंगला बसत तेव्हा बायका बाहेर, नाहीतर स्वयंपाकघरात बसून एकमेकींशी बोलत. त्यातूनच १९५१ साली घरच्या माणसांसाठी वेगळी संघटना उभी राहिली, ‘अल-ॲनॉन’. वहिनी गेल्या ती मीटिंग त्याच पद्धतीची.

आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मोठा हात दिला. डॉ. अनिता स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि पिणाऱ्या माणसाइतकीच त्याची बायकोही मदतीला पात्र आहे, हे त्या केंद्राने पहिल्यापासून धरून ठेवले. तिथे पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. आणि हो, स्वतः व्यसनात सापडलेल्या स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभागही आहे. हे मुद्दाम सांगते, कारण तेही दुःख पुष्कळ घरांत झाकलेले असते.

गट शोधायचा कसा?

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीसाठी, आणि ज्यांनी पत्र लिहिले नाही त्यांच्यासाठीही, सरळ पायऱ्या सांगते. कागद-पेन्सिल घ्या.

पहिली पायरी, फोन. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा क्रमांक आहे. मन मोकळे करायला आणि सल्ल्यासाठी १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. दोन्हींना पैसे पडत नाहीत. घरात बोलता येत नसेल, तर भाजीला जाताना वाटेतून करा. फार सांगावे लागत नाही. “आमच्या घरात दारूचा त्रास आहे, जवळ उपचाराची सोय आणि घरच्यांसाठी गट कुठे आहे,” एवढे विचारा.

दुसरी पायरी, जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय किंवा जवळचे वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या मानसोपचार विभागात जा. डॉक्टर घाईत असले, तर समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते विचारा. गावात कुठल्या वारी कुठे मीटिंग भरते, हे बहुधा त्यांना ठाऊक असते.

तिसरी पायरी, ‘ए.ए.’ आणि ‘अल-ॲनॉन’. आपल्या भागातल्या मीटिंगचे पत्ते फोनवर विचारून मिळतात. घरात कॉलेजात जाणारे मूल असेल, तर ते मोबाईलवर पाच मिनिटांत शोधून देईल. मीटिंगा बहुधा शाळेत, चर्चच्या सभागृहात, समाजमंदिरात भरतात. चर्चमध्ये भरली म्हणून ती ख्रिस्ती लोकांची आणि देवळाजवळ भरली म्हणून हिंदूंची, असे काही नसते. जागा मिळाली म्हणून तिथे भरते. प्रार्थना होते, पण देव ज्याने त्याने आपापला मानावा. ‘ए.ए.’च्या काही मीटिंगा फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, काही सर्वांना खुल्या असतात. ‘खुली मीटिंग कधी असते’ असे विचारा, तिथे तुम्हाला बसून ऐकता येईल.

चौथी पायरी, गावात गट नसेल तर. शेजारच्या तालुक्यात किंवा जिल्ह्याच्या गावी चौकशी करा. महिन्यातून दोनदा एस.टी.ने गेलात तरी चालेल. २०२० सालच्या टाळेबंदीपासून पुष्कळ गट फोनवर, इंटरनेटवरही भेटू लागले आहेत. दार लावून, कानाला लावून ऐकायचे. सुरुवातीला तेही पुरे.

आणि एक. पहिली मीटिंग आवडली नाही म्हणून सोडू नका. चार-सहा वेळा जाऊन पाहा. तरी मन लागले नाही, तर दुसरा गट शोधा. पहिली शिवणीण पसंत पडली नाही म्हणून आपण ब्लाऊज शिवायचे थांबवतो का?

या गोष्टी मात्र जपा

पावडरीचा प्रश्न. जेवणात चोरून काहीही मिसळू नका. अशा पुड्यांत काय असते ते सांगता येत नाही. डॉक्टर डायसल्फिराम नावाची गोळी देतात, पण ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करून. ती पोटात असताना दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जिवावर बेतू शकते. चोरून दिलेल्या माणसाला तर आपल्याला काय होते आहे हेही कळणार नाही. शिवाय ज्या दिवशी त्याला समजेल, त्या दिवसापासून तो तुमच्या हातचे अन्न विश्वासाने खाणार नाही.

आता श्रावणाचा प्रश्न, आणि हा सर्वांत महत्त्वाचा, कारण गटारी तोंडावर आली आहे. महिनाभर न पिणे म्हणजे व्यसन नसणे, असे नव्हे. श्रावण पाळणारा माणूस पुष्कळदा उरलेल्या दिवसांचे बोट मोजत असतो. जागतिक आरोग्य संघटनाही दारूच्या या पकडीची गणना आजारांतच करते. मधुमेहाचा रोगी महिनाभर गोड खात नाही म्हणून त्याचा मधुमेह गेला, असे आपण म्हणतो का?

पण यंदा गोष्ट वेगळी आहे. तुम्ही लिहिता, दिवाळीपासून सकाळीही लागते. अशा माणसाने श्रावणाच्या पहिल्या दिवशी एकदम थांबवली, तर शरीर बंड करते. पहिल्या दिवसभरात हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून नसलेली माणसे दिसणे, किडे अंगावर चढल्यासारखे वाटणे, दिवस की रात्र ते न कळणे, असेही होते. याला घरचा उपाय नाही. लिंबूपाणी नाही, अंगारा नाही. लगेच रुग्णालय गाठावे लागते. म्हणून श्रावणाआधीच, शक्य असेल तर त्यांना बरोबर घेऊन, डॉक्टरांकडे जा. ते आले नाहीत तर तुम्ही एकट्या जा आणि सकाळच्या दारूची गोष्ट न लपवता सांगा. त्यांनी श्रावण जरूर पाळावा, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

केंद्राचा प्रश्न. दाखल करायची वेळ आली तर आधी स्वतः जाऊन जागा पाहा. डॉक्टर येतात का, नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देतात का, बाहेर पडल्यावर पुढे काय, हे विचारा. मारून-बांधून सोडवतो म्हणणाऱ्याच्या दारात उभे राहू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मनोविकारही येतात, आणि रुग्णाला साखळीने बांधणे हा त्या कायद्याचा भंग आहे.

आणि मार. पत्रात तुम्ही त्याविषयी लिहिलेले नाही, पण न लिहिणाऱ्या पुष्कळजणी असतात, म्हणून सांगते. हात उगारला जात असेल, तर मीटिंग हा त्यावरचा उपाय नव्हे. ‘शुद्धीत नव्हते हो’ म्हणून सोडून देऊ नका. ११२ ला फोन करा, स्त्रियांसाठी १८१ आहे. २००५ च्या कायद्याने घरातल्या हिंसेपासून संरक्षण मागायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्याच घरात राहण्याचाही. दोन जोड कपडे, मुलांची कागदपत्रे, थोडे पैसे आणि औषधे एका पिशवीत भरून विश्वासाच्या घरी ठेवा.

उद्यापासून काय करायचे?

रात्री, प्यालेल्या माणसाशी वाद घालू नका. तो बोलत नसतो, दारू बोलत असते. सकाळी, शुद्धीत असताना, चार वाक्यांत बोला. बाटल्या शोधत, मोजत, ओतत बसू नका. त्या कामात तुमचा जन्म जाईल आणि दुकान काही बंद होणार नाही. पगाराच्या दिवशी किराणा, फी, दूध, वीज यांचे पैसे आधी वेगळे निघतील अशी तजवीज करा. स्वतःच्या एकटीच्या नावाचे खाते काढा. मुलांना खोटे सांगू नका. “बाबांना एक आजार आहे. तो तुमच्यामुळे झालेला नाही,” एवढे लहान मुलालाही समजते.

आणि तेच वाक्य स्वतःलाही सांगा. तुमच्या स्वयंपाकामुळे, रंगामुळे, बोलण्यामुळे किंवा पायगुणामुळे कोणी दारूला लागत नाही. तुमच्यामुळे लागली नाही, तशी तुमच्या एकटीच्या शपथांनी सुटणारही नाही.

गटात गेले की नवरा सुटतोच, असे मी म्हणणार नाही. गेल्या वर्षी एका वाचक भगिनीने कळवले होते, ती दोन वर्षे मीटिंगला जाते आहे आणि नवरा अजून पितो. पण ती लिहिते, “मी आता रात्री झोपते. शिवणकामाचे पैसे माझ्या खात्यात जातात. मुलगा मित्रांना घरी आणतो. आधी घरात एक आजारी होता आणि आम्ही तिघं त्याच्याबरोबर आजारी. आता निदान तिघं बरे आहोत.” मैत्रिणींनो, हे काही थोडे नव्हे.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या माझ्या भगिनी, या आठवड्यात तीनच कामे करा. एक, १४४४६ ला फोन. दोन, श्रावणाआधी डॉक्टर. तीन, पुढच्या वेळी ‘फोन कर’ म्हणाले, की फोन त्यांच्याच हातात द्या. तिसरे सर्वांत अवघड आहे. नोकरीची भीती वाटेल. म्हणूनच ते एकटीच्या बळावर करू नका, गटात चार दिवस बसून, बोलून, मग करा. कळवा मात्र नक्की. नाव न घालता कळवा.

आणि हो, लोणच्याचे राहिलेच! बुरशी आलेली बरणी टाकून द्या. वरवर काढून खालचे वापरण्याचा मोह करू नका. पुढच्या खेपेला फोडी नीट कोरड्या करा, बरणी उन्हात तापवून घ्या आणि तेल फोडींच्या वर बोटभर राहील इतके घाला.

पुढच्या आठवड्यात श्रावणी शुक्रवारच्या पुरणाविषयी. डाळ नीट शिजूनही पुरण सैल का होते, अशी विचारणा पुष्कळजणींनी केली आहे.

तुमची,
ताई